पांढऱ्या सदऱ्यातली चांदी

निगेटिव्हमध्ये काळं दिसतं ती शाई नसते, ती चांदी असते. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला त्यांची डेव्हलपर शुद्ध चांदी करून टाकतो. उरलेले कण हायपोत विरघळून जातात. म्हणजे मैफलीच्या निगेटिव्हमध्ये सगळ्यांत जास्त चांदी असते ती गवयाच्या पांढऱ्या सदऱ्यात, तबल्याच्या पुडीत आणि मागच्या चुन्याच्या भिंतीत. तबल्यावरची काळी शाई मात्र आरपार दिसते. तिथे काहीच नसतं.

मी खामगावचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाला रजतनगरी म्हणतात आणि लांबलांबची माणसं लग्नाची चांदी घ्यायला इथे येतात. ती चांदी वेगळ्या वाटेने येते, तिचा फिल्मशी संबंध नाही. पण चांदीचा भाव रोज कानावर पडणाऱ्या गावात वाढल्यामुळे एक गोष्ट पटकन कळते: ज्याच्यात चांदी आहे ते काहीच कुणी उगाच ठेवून देत नाही. जुने एक्स-रे भंगारवाले मागून नेतात ते याचसाठी. एक्स-रेला दोन्ही बाजूंनी थर असतो, त्यात चांदी जास्त. स्टुडिओतला वापरलेला हायपोसुद्धा विकला जायचा, कारण निगेटिव्हवर न राहिलेली चांदी त्यातच उतरलेली असायची. आणि डिजिटल आल्यावर स्टुडिओवाल्यांनी कपाटं रिकामी केली तेव्हा त्यांच्या निगेटिव्हही किलोवर गेल्या. कॉस्टिक सोड्यात टाकल्या की थर सुटतो. खाली चांदीचा गाळ, वर स्वच्छ प्लॅस्टिक. काचेच्या निगेटिव्ह असतील तर आणखी बरं, धुतलेली काच फोटोफ्रेमला चालते.

मी गायक-वादकांच्या निगेटिव्ह जमवतो. नोकरी सॉफ्टवेअरची आहे, ती बरीचशी घरून चालते, त्यामुळे शनिवार-रविवार चिखली, मेहकर, मलकापूर, शेगाव अशा फेऱ्या होतात. पुण्यात असलो तर जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. लोक विचारतात की नामवंत कलाकारांचे फोटो नेटवर ढिगाने असताना ही उठाठेव कशाला. त्याचं उत्तर मला एका रेकॉर्डवरून सापडलं, आणि ती रेकॉर्ड आमच्याच जिल्ह्यातली म्हणता येईल.

मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत. १९०९ चा जन्म, २००० साली गेले, १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी पुरस्कार. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि एचएमव्हीने तिची रेकॉर्ड काढली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही पहिलं बोट याच रेकॉर्डकडे जातं. जोशीही शिक्षणाने वकीलच. पुढे ते एचएमव्हीत अधिकारी झाले, थोरामोठ्यांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या हाताखाली झाली आणि त्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी'त लिहिल्या. म्हणजे एका वकिलाची कविता, दुसऱ्या वकिलाचा आवाज, आणि मेहकरातलं गाणं महाराष्ट्रभर.

आता त्या रेकॉर्डचं पाकीट डोळ्यांसमोर आणा. साधा कागद आणि मधोमध गोल भोक, लेबल वाचता यावं म्हणून. ७८च्या जमान्यात पाकिटावर गायकाचा फोटो छापायची पद्धत नव्हती. फोटो असायचे ते कंपनीच्या कॅटलॉगमध्ये, बोटभर. लोकांनी आवाज हजारो प्रतींत ऐकला. चेहरा मात्र कुठल्या तरी स्टुडिओतल्या एका काचेवर किंवा फिल्मच्या एका तुकड्यावर होता. रेकॉर्ड आणि निगेटिव्ह यांच्यातला फरक हाच. रेकॉर्ड म्हणजे प्रत. एक फुटली तरी दुसरी कुणाच्या तरी माळ्यावर असते. म्हणूनच मुंबईच्या सुरेश चांदवणकरांसारख्या मंडळींनी १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांची सोसायटी काढली, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं, आणि एका संग्राहकाकडे नसलेली तबकडी दुसऱ्याकडे मिळत गेली. निगेटिव्हच्या बाबतीत अशी देवाणघेवाण होऊच शकत नाही. ती जगात एकच असते.

गंमत म्हणजे रेकॉर्डलाही निगेटिव्ह असायची. मेणाच्या तबकडीवर आवाज कोरला जायचा, तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढायचे, म्हणजे खाचेच्या जागी उंचवटा, आणि त्या साच्याच्या वंशजांनी रेकॉर्डी छापायचे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं घेतलं तेव्हा छपाईची सोय भारतात नव्हती, सगळं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं. सियालदहचा कारखाना १९०८चा. त्या जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगताना ऐकू येते, ते यासाठी की परदेशातल्या कारागिराला लेबल कुणाचं लावायचं ते कळावं. आम्हा निगेटिव्हवाल्यांना त्याचा फार हेवा वाटतो. निगेटिव्ह स्वतःचं नाव सांगत नाही.

ती दुसरं बरंच काही सांगते. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव असतं. 'ऑर्वो' असेल तर फोटो १९६४च्या आधीचा नाही, कारण पूर्व जर्मनीतल्या कारखान्याने हे नाव त्या वर्षी घेतलं. 'इंदू' असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, म्हणजे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून साल काढता येतं. हे सगळं कडेला असतं आणि प्रिंट काढताना कड झाकली जाते. मी निगेटिव्हला चिकटलो त्याचं एक कारण हे, आणि दुसरं त्याहून मोठं.

छोट्या गावातल्या स्टुडिओवाल्याकडे बहुधा १२० रोलचा कॅमेरा असायचा, यशिका वगैरे. एका रोलवर बारा फोटो, प्रत्येक सहा बाय सहा सेंटिमीटर, चौरस. पण लोकांना हवे असायचे आयताकृती प्रिंट, आणि प्रिंटमध्ये हवा असायचा मुख्य कलाकार. मग एन्लार्जरखाली दोन्ही बाजूंचं कापलं जायचं. जे कापलं जायचं त्यात कोण असायचं? तबलजी. पेटीवाला. तंबोऱ्यावर बसलेला शिष्य. ढोलकीवाला, झांज वाजवणारा पोरगा, कोपऱ्यातला बॅनर, त्यावरचं मंडळाचं नाव आणि साल, अहुजाचा भोंगा बांधलेला बांबू. प्रिंटमध्ये गवई एकटा बसलेला दिसतो, जणू तो पोकळीतच गात होता. निगेटिव्हमध्ये अख्खी बैठक असते.

नामवंतांच्या निगेटिव्ह जमवायच्या म्हणून सुरू केलेलं हे काम माझ्यापुरतं बिननावाच्या माणसांकडे वळलं ते इथे. आपल्या संगीताचा छापील इतिहास मुख्य गायकाभोवती फिरतो. साथीदाराचं नाव कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या ओळीत, तेही आडनावावर भागवलेलं. निगेटिव्हमध्ये मात्र भिंगाने दोघांनाही सारखाच उजेड दिलेला असतो. कापाकापी नंतरची.

एका गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओत मला असेच दोन डबे मिळाले. मालक थकलेले, मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. म्हातारे म्हणाले, "घेऊन जाय ना बाप्पा, पन करशीन काय याचं?" बटर पेपरच्या पाकिटांवर तारखेपेक्षा 'बाकी ४ रु.' असलेच मजकूर जास्त. त्यात कव्वालीच्या कार्यक्रमाचा एक रोल होता. स्कॅन करून मी ते फोटो तिथल्याच चार जुन्या माणसांना दाखवले. कव्वालाचं नाव एकालाही आठवेना. बाहेरून आलेला, गाऊन गेलेला. पण ढोलकीवाला दिसताच चौघं एकदम बोलायला लागले: कुठल्या आळीत राहायचा, दिवसा काय धंदा करायचा, कुणाच्या वरातीत हात फुटेपर्यंत वाजवला होता. घरच्यांकडे त्याचा ढोलकीसकट एकही फोटो नव्हता, होता तो मतदार ओळखपत्रावरचा. मी मोठा प्रिंट काढून दिला. त्यांनी तो लगेच फ्रेम केला, आणि फ्रेम करणाऱ्याने कव्वालाला कापून टाकलं. मी काही बोललो नाही.

इथे थोडं तंत्राचं, कारण कुणाच्या तरी घरी पाकीट निघेल. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद, थराची. कडेवरची अक्षरं सरळ वाचता येतील अशी धरली तर चित्र बरोबर दिशेचं. उलटी धरून स्कॅन केलं तर सगळं आरशातल्यासारखं होतं, आणि माणूस चेहऱ्यावरून हे सहसा ओळखत नाही. वाद्यावरून ओळखता येतं. पेटीचा भाता डाव्या हाताला, सूर उजव्या. तबला उजवीकडे, डग्गा डावीकडे. सदऱ्याच्या काजाची बाजूही बघा. जुन्या मासिकांत डावखुरे वाटणारे सतारिये दिसतात, त्यांतले काही खरे असतील, पण बरेचसे ब्लॉक करणाऱ्याने उलटे टाकलेले.

जगात या उलटसुलटीचं सर्वांत प्रसिद्ध प्रकरण बडी बोल्डनचं आहे. न्यू ऑर्लिन्सचा हा कॉर्नेटवादक जॅझच्या आरंभीच्या माणसांपैकी. त्याची एकही रेकॉर्ड सापडलेली नाही आणि त्याच्या बँडचा फोटो एकच आहे, १९०५च्या आसपासचा. १९३९ साली तो एका पुस्तकात छापला गेला. मूळ प्रत पुढे हरवली. निगेटिव्ह नाहीच. त्या फोटोत एका बाजूने छापलं तर बास आणि गिटारवाले डावखुरे दिसतात, दुसऱ्या बाजूने छापलं तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात. कितीतरी दशकं अभ्यासक यावर भांडतायत. मूळ काच किंवा पत्रा हाती असता तर हा वाद दोन मिनिटांत मिटला असता.

आपल्याकडेही 'मूळ' म्हणून फिरणारे कितीतरी फोटो प्रतीच्या प्रती आहेत. निगेटिव्ह हरवली की स्टुडिओवाले प्रिंटचाच फोटो काढून नवी निगेटिव्ह बनवत. घरातलं माणूस गेलं की 'फोटोवरून फोटो' करून घ्यायची पद्धत वडीलधाऱ्यांना आठवत असेल. प्रत्येक फेरीत सावल्या गडद होतात, बारकावे जातात. बालगंधर्वांसारख्या नटाचे फोटो इतके छापले गेले, इतक्या घरांत लागले, की आज हाती येतात त्यांत शालूची जर पुसट झालेली आणि चेहरा मात्र कुणीतरी पुन्हा रेखलेला. रेखलेला हे शब्दशः खरं आहे. स्टुडिओत रिटचिंगचा माणूस थराच्या बाजूने बारीक टोकाच्या पेन्सिलने सुरकुत्या भरायचा. निगेटिव्हमध्ये सुरकुती म्हणजे आरपार रेघ, ती शिशाने भरली की प्रिंटमध्ये त्वचा गुळगुळीत. तिरप्या उजेडात निगेटिव्ह धरली की त्या पेन्सिलीचे फराटे दिसतात. तुमच्या फोनमधलं ब्यूटी फिल्टर, फक्त हाताने केलेलं.

स्कॅनिंगला महागडं यंत्र लागतं असं नाही. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनपासून थोडी वर निगेटिव्ह धरा, फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन कलर इन्व्हर्जन सुरू करा आणि कॅमेऱ्यातून बघा. साठ वर्षांपूर्वीचा माणूस तुमच्याकडे बघत असतो. नीट करायचं असेल तर मॅक्रो लेन्स आणि एकसारखा उजेड देणारं पॅनेल. कोडमध्ये उलटापालट ही एका ओळीची गोष्ट आहे, २५५ मधून वजा करा. पण फिल्मचा काळेपणा उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे नुसत्या वजाबाकीने चेहरे मातकट येतात. पुढे वक्र बसवत बसावं लागतं. माझे रविवार त्यातच जातात.

वास घ्यायलाही शिकावं लागतं. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरचा वास येतो आणि ती मागे वळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान होतं ते वऱ्हाडातल्यांना सांगायला नको. त्या खोलीत ठेवलेल्या डब्यांची दशा मी पाहिली आहे, थर सुटून मनुक्यासारखा आकसलेला. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर आगच. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभातच्या, आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा मोठा जुना ठेवा गेला. याच प्रभातने १९३५ साली बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथ म्हणून कॅमेऱ्यापुढे उभं केलं होतं. कडेला 'सेफ्टी' लिहिलेलं नसेल अशी जुनी फिल्म मी घरात ठेवत नाही.

हे सगळं जमवून ती मालमत्ता माझी होते का? नाही. इथे कायद्याने एक मजेदार वळण घेतलं आहे. इंग्रजांचा १९११चा कॉपीराइट कायदा १९१४ साली आपल्याकडे लागू झाला, त्यात फोटो काढताना निगेटिव्हचा जो मालक तोच फोटोचा कर्ता मानला जाई. निगेटिव्हला एवढा मान नंतर कधी मिळाला नाही. १९५७च्या कायद्याने फोटो काढणाऱ्याला कर्ता केलं, आणि कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल व वेगळा करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. मुदत आधी प्रसिद्धीपासून ५० वर्षं, मग ६०. २०१२च्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली. भंगारातून किलोवर घेतलेल्या डब्यात मला मिळतं ते फक्त प्लॅस्टिक आणि चांदी. म्हणून मी विकत नाही आणि विचारल्याशिवाय छापत नाही. काही संग्राहक निगेटिव्ह घेऊन आधी त्यावर स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क मारतात. मला ते चोरीचंच धोपट रूप वाटतं.

विकणाऱ्यांना बाजार आहे, हेही खरं. ११ फेब्रुवारी १९६४ ला वॉशिंग्टनमध्ये बीटल्सचा अमेरिकेतला पहिला जाहीर कार्यक्रम झाला. माइक मिचेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने फ्लॅश न वापरता त्याचे फोटो काढले आणि निगेटिव्ह घरी डब्यात पडून राहिल्या. २०११ साली त्यांवरून काढलेले प्रिंट न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये साडेतीन लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. तिथे डबा उघडणारा आणि फोटो काढणारा एकच माणूस होता, हे त्यातलं भाग्य.

आपल्याकडेही ज्यांनी आपला डबा स्वतः सांभाळला त्यांचं काम टिकलं. पुण्याचे सतीश पाकणीकर १९८०च्या दशकापासून सवाई गंधर्व महोत्सवात आणि मैफलींत कलाकार टिपत आले आणि त्यांच्या कृष्णधवल कॅलेंडरांमुळे ते चेहरे घराघरांत गेले. दयानिता सिंग विद्यार्थी असताना माहीमच्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर सहा हिवाळे फिरल्या. त्याचं पुस्तक १९८६ साली निघालं आणि त्या पुस्तकाच्या हाताने बनवलेल्या कच्च्या प्रतीची हुबेहूब आवृत्ती २०१९ साली जर्मनीतून निघाली. १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाई गेले त्या रात्री सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचे फोटो होते. असे फोटो मिळाले कारण त्यांच्याभोवती कायम कॅमेरे होते आणि बऱ्याच कॅमेरेवाल्यांकडे कपाटं होती.

वामनदादा कर्डकांसारखा माणूस (१९२२ ते २००४) आयुष्यभर गावोगाव, वस्तीवस्तीत गात हिंडला. अशा भीमशाहिरांचे, कलापथकांचे, खडी गंमत करणाऱ्यांचे फोटो काढले ते तिथल्याच स्टुडिओवाल्यांनी, कार्यक्रमाला दोन-चार, मंडळाने पैसे दिले तेवढेच. त्यांच्या निगेटिव्ह पुण्या-मुंबईच्या कुठल्या कपाटात नाहीत. त्या तालुक्याच्या गावांत, शटर ओढलेल्या दुकानांत, लग्नांच्या हजारो निगेटिव्हमध्ये मिसळून पडल्या आहेत. चांदीचा भाव चढला की भंगारवाल्याच्या फेऱ्याही वाढतात, आणि सध्या तो कुठे आहे ते तुम्हीही बघताय.

म्हणून माझी यादी आता कलाकाराच्या नावावर लागत नाही. एक्सेलमध्ये पहिला रकाना गावाचा, दुसरा फिल्मच्या कडेचा, तिसरा 'डावीकडून कोण कोण'. तो तिसरा रकाना भरायला मी प्रिंट घेऊन फिरतो, चावडीवर, विहारात, देवळाच्या ओट्यावर. गेल्या खेपेला एका आजींनी तंबोरेवालीला ओळखलं. गायिकेचं नाव अजून लागलेलं नाही.